बेचाळीस नावं

मानवतला बसस्टँडमागं माझं लग्नपत्रिकेचं दुकान आहे. माझा धाकटा भाऊ प्रीतम वर्षभर डोकं खात होता, "राजेश्रीताई, तुझं विंडोज सात टाकून दे आता, अकरा घे." मी म्हणायची, माझी बोटं सातवर बसलीत, अकराचं कौतुक तूच कर. शेवटी शहाण्यानं नवा कॉम्प्युटर आणून टेबलावर मांडलाच. जुना खाली फरशीवर.

तेवढ्यात पेडगावचे व्यंकटराव बायकोला, पार्वतीबाईंना, घेऊन आले. धाकट्या लेकीचं लग्न ठरलेलं, आनंद पोटात मावत नव्हता.

"थोरलीची पत्रिका तुमीच केल्ती ना? निमंत्रकांची बेचाळीस नावं तशीच टाका, त्याच क्रमानं. चार बैठका झाल्त्या त्याला. पन एक मानूस रुसला न्हाई!"

भावकीत कुणाचं नाव वर न् कुणाचं खाली, यावरून भर मांडवातून उठून गेलेली माणसं मी पाहिलीत. आणि ती जुनी पत्रिका यांच्या घरी एकही उरली नव्हती. मी नव्यावर जुनी फाइल उघडली, तर त्यात जुना फॉन्टच नाही, नावांच्या जागी नुसते चौकोन! व्यंकटराव घामेघूम. मी प्रीतमला असं झापलं की समोरचा चहावाला बघायला आला.

जुना परत जोडला. रखडत का होईना, चालू झाला, आणि सगळे मानकरी जागच्या जागी! मी टाळीच वाजवली. "बघ, म्हातारं कामाला आलं का न्हाई?"

"आलं. आता माझ्याचं बघ," म्हणत प्रीतमनं नव्याला माइक लावला. "काका, जुन्यावर बघून नुसतं वाचा. हा ऐकून लिहितोय."

व्यंकटराव पहिल्या ओळीवर जरा थबकले, मग दणक्यात सुरू झाले. तोंडातून नाव निघायचं की पडद्यावर अक्षरं हजर! "आरं, लय भारी!" ते ओरडायचे, तर तेही लिहिलं जायचं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता दोन्ही टेबलावरच राहतील, मी तिथंच ठरवून टाकलं.

मग मोजलं. एकेचाळीस.

"सगळ्यात वरचं राहिलं की," मी म्हणाले.

"ते नगं," व्यंकटराव म्हणाले. "थोरला भाऊ हाय. बोअरच्या पान्यावरून दोन सालं झाली, बोलचाल न्हाई."

पार्वतीबाईंनी पदर सारखा केला आणि खुर्ची माइकजवळ ओढली. थोरल्या दिराचं नाव बायकांनी घ्यायचं नसतं; तीस वर्षं त्यांनी नुसतं 'भाऊजी' म्हटलेलं.

"रामहरी देवराव," त्या ठणठणीत म्हणाल्या.

नाव उमटलं, सगळ्यांच्या वर. व्यंकटराव बायकोकडं बघतच राहिले, मग पडद्याकडं.

"अण्णाच्या नावाआधी श्री. लावा," ते म्हणाले.