घरात ठसका उठू देण्याबाबत

विषय : माळ्यावर ठेवलेल्या खलबत्त्यास पूर्ववत कामावर घेण्याबाबत.
संदर्भ : सरलाबाई यांचा आजार व त्यांचे चिरंजीव हेमकांत यांचा तोंडी हुकूम.

मी तो खलबत्ता बोलतोय. लोखंडी, जड, बुडाशी थोडा झिजलेला. भाषा कचेरीची वाटली तर दोष माझा नाही. सरलाबाई तहसील कचेरीत कारकून होत्या आणि मिरची कुटतानाही कचेरीतलंच बोलायच्या. लग्नानंतर नंदुरबारच्या बाजारातून त्यांनीच मला आणलं. दुकानदार हलका दाखवत होता, त्यांनी जड मागितला.

रोज संध्याकाळी लाल मिरची, लसूण, मीठ. पहिला ठसका सरलाबाईंना, दुसरा हेमकांतला, तिसरा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना. पलीकडून शिव्या आल्या की जेवण तयार झालं असं समजायचं.

मग कॅन्सर निघाला. सापडला तेव्हा यकृतापर्यंत गेला होता. सुरतच्या डॉक्टरांनी मायलेकांना समोर बसवून सांगितलं, हा जाणार नाही, औषधाने काही काळ थोपवता येईल. औषध सुरू झालं. सरलाबाईंचे केस गेले, तळहातांची आग होऊ लागली, तोंड इतकं आलं की पाणीही झोंबायचं. त्यावर हेमकांतने हुकूम काढला, आईसमोर घरात कोणी तिखट खायचं नाही. मी माळ्यावर गेलो.

हुकूम मायेचा होता, म्हणून त्यावर अपीलही नव्हतं.

घर दहीभातावर आलं. टीव्हीचा आवाज गेला, भांडणं गेली, माणसं चवड्यांवर चालू लागली. भेटायला येणारे ‘धीर धरा’ म्हणत आणि आणलेल्या केळ्यांतली दोन स्वतःच खाऊन जात. सरलाबाई धीर धरून धरून दमल्या. औषधाने दमल्या त्याहून जास्त त्या शांततेने दमल्या. गावाबाहेर मिरची वाळत होती आणि तिचा वास खिडकीतून आत येत होता. वाऱ्याला हुकुमाची प्रत मिळाली नसावी.

हेमकांत उशिरा घरी येऊ लागला. भूक नाही म्हणायचा.

परवा सरलाबाईंनी सून योगिताला सांगून मला खाली उतरवलं. त्यांनी बत्ता उचलून पाहिला, उचलला गेला नाही. मग आग होणारे तळहात माझ्या गार पोटाला लावून नुसत्या बसून राहिल्या. जन्मभर मला फक्त मार माहीत. हात असा ठेवलेला पहिल्यांदाच.

तेवढ्यात हेमकांत आला.

“माय, हाई कोणी काढं?”

“मी. तू टेशनवर ठेचा खाईसन येस ना?”

हेमकांतने शर्टाची बाही हुंगून पाहिली.

“तोंड मन्हं येल शे, नाक चांगलं शे.”

“तुन्हासमोर कसं खाऊ, माय?”

“मन्हासमोरच खा. तुले खाताना देखाकरता मी सुरतन्या फेऱ्या करी ऱ्हायनू, अन् तू टेशनवर खास!”

हेमकांतने माझ्याकडे पाहिलं, योगिताकडे पाहिलं. “डॉक्टरले इचारीसन सांगस.”

सरलाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी. “मी बी लोकस्ले हाईच सांगे. साहेबले इचारीसन सांगस. मन्हावरच उलटनं!” हसता हसता त्यांना ठसका लागला. मिरचीचा नव्हता, तरी घर दचकलं.

गुरुवारी पुन्हा सुरतला जायचं आहे. डॉक्टरांना विचारीन असं हेमकांत म्हणतो. नेमकं काय विचारायचं, हे त्यालाही सांगता येत नाही. तोवर मी खाटेखाली आहे, धुऊन कोरडा केलेला. योगिताने सुपात मिरच्या निवडून ठेवल्या आहेत, लसूणही सोलला आहे.

काल हेमकांत लवकर घरी आला. शर्टाला ठेच्याचा वास नव्हता. दहीभातच खाल्ला, पण आईच्या खाटेला टेकून, तिच्यासमोर. सरलाबाई त्याचा घास न् घास पाहत होत्या.

माझी विनंती एवढीच, की निर्णय लवकर व्हावा. माझं अंग लोखंडाचं आहे, मी थांबेन. सरलाबाईंचं तसं नाही.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.