कारखान्याला जाणारी डाळ

सत्याऐंशी सालचा हिवाळा. सरहद्दीवर दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या होत्या. जळगावात अमृतलाल शेठ आपल्या डाळमिलच्या गादीवर दुपारचा चहा घेत होते, तेवढ्यात साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले आणि त्यांना जीपमध्ये घालून घेऊन गेले. शेठना वाटलं, साठेबाजीची कुणीतरी खोटी तक्रार ठोकली असणार.

समोर दिल्लीहून आलेला अधिकारी होता. मराठी चांगलं बोलत होता.

"लोटनला ओळखता?"

लोटन एरंडोलचा. मिलमधली चुनी, म्हणजे डाळ भरडताना उरलेला भुसा-चुरा, नेऊन म्हशीवाल्यांना विकायचा. हसतमुख माणूस. शेठच्या घरच्या प्रत्येक कार्यात राबायचा. शेठची बायको लाडकुंवर त्याला राखी बांधायची.

"भला माणूस आहे, साहेब. काय केलं त्यानं?"

"तुम्हाला काय विचारायचा तो?"

"काही नाही हो. 'काय शेठ, औंदा कारखानाले दाय जास्त जाई राहिनी का?' एवढंच."

शेठची डाळ भुसावळकडच्या एका दारूगोळा कारखान्याच्या कँटीनला जायची.

"आणि तुम्ही सांगायचात?"

"त्यात लपवायचं काय? डाळच ती!"

अधिकाऱ्याने आवाज चढवला नाही. "डाळ वाढली म्हणजे जेवणारे वाढले. जेवणारे वाढले म्हणजे जादा पाळी सुरू झाली. म्हणजे दारूगोळा वाढला. लढाई पेटली तर आपला साठा कुठवर पुरेल, हे पलीकडचे लोक तुमच्या डाळीवरून ताडत होते, शेठजी."

शेठना स्वतःचेच शब्द आठवले. किती सहज सांगितलं होतं आपण! वर चहा पाजून.

"मला... तुरुंगात टाकाल?"

"नाही. तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं लोटननंच लिहून दिलंय. साक्षीला यावं लागेल." अधिकाऱ्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "एवढं मनाला लावून घेऊ नका. आपणही तेच करतो. पलीकडेही कुणी पीठगिरणीवाला असतोच."

"त्याला माहीत असतं?"

अधिकाऱ्याने समोरची फाईल मिटली. शेठनी पेला तसाच ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. लाडकुंवर रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली, तशीच बसून राहिली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

खटला धुळ्याला चालला. शेठनी मान खाली घालून साक्ष दिली. साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरताना ते लोटनच्या अगदी जवळून गेले.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "अक्का बरी शे ना?"

लाडकुंवर अंथरुणाला खिळली होती. शेठच्या ओठांवर शब्द आले. मग आठवलं, डाळीचं विचारणंही असंच साधं होतं. ओठ घट्ट मिटून ते दाराकडे चालू लागले.