शिंप्याच्या गोळ्या

"लहानपणी कधी खोकल्यातून रक्त पडलं होतं?" सिस्टरने विचारलं.

शिंपी हसला. "नाही हो ताई. आमच्या घरात वडिलांसमोर खोकायचीसुद्धा सोय नव्हती."

परमुलखात कपडे शिवता शिवता त्याचं आयुष्य सरलं होतं, तरी तिथली भाषा काही जिभेवर बसली नव्हती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि बदली मूत्रपिंडासाठी त्याचा नंबर जवळ आला होता. बाहेरून आलेल्या रुग्णांच्या तपासण्या त्यांची भाषा येणाऱ्या या सिस्टरकडे असत. नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून जी औषधं देतात, त्यांनी अंगात दबून बसलेला आजार उसळतो. आणि शिंप्याच्या छातीच्या फोटोत फुप्फुसावर जुना डाग दिसत होता.

त्याची नजर शेजारी बसलेल्या बायकोकडे गेली. सिस्टरने ते हेरलं आणि तिला पाणी आणायला धाडलं.

"आता सांगा. माझ्यापाशीच राहील."

तो गळ्यातला टेप चाचपल्यासारखी मान चोळत बसला. "टीबी होता. लग्नाआधी. बरं वाटलं नि गोळ्या सोडल्या. हिला माहीत नाही. डॉक्टरांना सांगू नका ताई, नाव मागे टाकतील."

"बरं," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या आत तिने डॉक्टरांना सांगितलं.

सांगणं भागच होतं. न सांगता शस्त्रक्रिया झाली असती, तर तो जिवाला मुकला असता. ती स्वतःला हेच बजावत राहिली. उपचार होईपर्यंत त्याचं नाव थांबवलं गेलं. मग त्याला जुळणारं एक मूत्रपिंड आलं आणि दुसऱ्याला बसवलं गेलं.

बायकोने तिला जिन्यात गाठलं. आवाज चढवला नाही.

"टीबीचं मला लग्नाच्या वर्षीच सासूबाईंनी सांगितलं होतं. हे एवढं जपून लपवायचे, म्हणून मीही कळू दिलं नाही. पण 'डॉक्टरांना सांगावं लागेल' एवढं तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. त्यांनी स्वतः सांगितलं असतं."



आता शिंपी रोज सकाळी येतो. एकदा सोडलेल्या गोळ्या या वेळी तिच्या देखत घ्यायच्या, असं ठरलं आहे. आज तिने धीर केला.

"माझं चुकलं. तुम्हाला फसवायला नको होतं."

त्याने गोळ्या गिळल्या, पेला नीट ठेवला. मग तोंड उघडलं, जीभ वर उचलली आणि तिचं नीट बघून होईपर्यंत तसाच बसून राहिला.