एका डावात एकच बदल

तिच्या सासऱ्यांनी लष्करी शाळेत चोवीस वर्षं एकच विषय शिकवला: हरलेली लढाई कुठे वळवता आली असती. निवृत्त होताना त्यांनी वाळूची मोठी पेटी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलाचं निम्मं राज्य बळकावलं. आधी तिच्यात जुन्यापुराण्या लढाया रंगायच्या. गेलं दीड वर्ष एकच चालली होती, नदीवरच्या पुलाची. तिचा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, त्या पुलावर लढताना गेला होता.

"रोज हरायचं आणि वर चहा मागायचा," सासूबाई कप आपटत म्हणायच्या. पण बटणांचा डबा त्यांनीच काढून दिला होता. काळी बटणं शत्रूची, पांढरी आपली. पूल म्हणजे कपड्यांचा चिमटा. निळं बटण एकच होतं. ते कोण, हे कुणी विचारत नसे.

नियम शाळेतलाच. एका डावात एकच बदल, बाकी सगळं घडलं तसं. सासऱ्यांनी धुकं तासभर आधी विरवलं, दारूगोळा वेळेवर आणला, बंद पडलेला वायरलेस चालू केला. निळं बटण दर वेळी वाळूत आडवंच.

लेक झोपली की ती समोर येऊन बसायची, एक कान आतल्या खोलीकडे. श्वास ऐकू आला नाही की उठून तिच्या छातीवर हात ठेवून यायची.

आज तिने धीर केला.

"बाबा, एक बदल मी सांगू?"

"सांग की. माझे तर संपलेच आता."

"त्यांची रजा. त्या सकाळी पहिल्या ट्रकने ते निघणार होते. पिल्लूला गोवर आला होता. त्यांना लहानपणी झाला नव्हता, आईंनीच सांगितलं होतं. मीच फोन केला, आठ दिवस थांबा म्हणून. कुणाला बोलले नाही मी हे."

आता बाबा काय हवं ते बोलोत, घराबाहेर काढोत. फक्त ते निळं बटण एकदा पुलावरून मागे फिरू दे.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. काडेपेटी घेतली, निळं बटण तिच्यावर ठेवलं आणि पुलापासून मागच्या रस्त्याने सरकवत नेली. दुसऱ्या वळणावर हात थांबला.

"पहिला ट्रक सव्वासहाला निघाला. इथे सुरुंग होता. सात जण होते, एकही वाचला नाही."

"तुम्हाला रजेचं ठाऊक होतं?"

"त्याने मलाही फोन केला होता. म्हणाला, बायको भित्री आहे, पण ऐकलेलं बरं." ते हसायला गेले, जमलं नाही. "हा डाव मी सगळ्यांत आधी मांडला होता. तू हे मनात घेऊन बसलीयेस, हे कळलंच नाही गं. तुझी काही चूक नाही, पोरी."

तिने मान हलवली. दीड वर्ष ती चूक तिने पोटाशी धरली होती. चूक तिची होती तोवर एक तरी डाव शिल्लक होता, ज्यात तो बॅग खांद्याला लावून दारात उभा राहायचा आणि ती त्याला लांबूनच म्हणायची, आधी हात धुवा.

सासऱ्यांनी तळव्याने वाळू सपाट केली. आत लेक खोकली, मग काहीच ऐकू येईना. आज ती हात ठेवून पाहायला उठली नाही.