सगळ्यात स्वस्त उपाय

नागरिकांसाठी ठेवलेली सभा सुरू होण्याच्या जरा आधी कावेरीने लॅपटॉपवरच्या तक्त्यातली पहिली ओळ पुसून टाकली. खालच्या ओळी निमूट वर सरकल्या. आता सगळ्यात वर रस्त्यावरची धूळ यंत्राने झाडणं आलं, त्याखाली कचरा जाळण्यावर बंदी, आणि तळाला, सगळ्यात महाग, विजेवरच्या बस.

म्हैसूरची हवा कमीत कमी पैशात कशी सुधारेल, हे सांगण्याचं काम तिच्या संस्थेकडे होतं. एका रुपयात किती धूर कमी होतो, एवढाच हिशेब. त्यात पहिल्या आल्या होत्या लष्कर मोहल्ल्यातल्या, कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या लाकडावरच्या भट्ट्या. घरं मोजकी, धूर गल्लीभर. गॅसच्या शेगड्या दिल्या की काम झालं.

काल चहाच्या वेळी संस्थेचे प्रमुख अनंतकृष्ण सर ती ओळ वाचून हसले होते. सर चामराजपुरमच्या जुन्या मराठी घरातले, कावेरीशी मराठीतच बोलायचे.

"अजून लाकडावर रंग उकळतात? कुठल्या काळातली माणसं गं ही? एकदा नेऊन दाखव बघू मला."

कावेरीही हसली होती. घरी कापडाचा बिझनेस आहे, असं तिने नोकरीला लागताना सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. फक्त कापड लोकांचं असायचं, आणि बिझनेस म्हणजे हणमंतकाका नि अंबूकाकू कोपरापर्यंत निळे होऊन ते काठीने हंड्यातून वर काढायचे. आईवडिलांमागे तिचं शिक्षण त्याच हंड्यातून निघालं होतं. आता दम्यामुळे काकांना भट्टीजवळ बसवत नव्हतं. काकू एकटीच बसायची. गेल्या महिन्यात कावेरी धूर मोजायला गेली, तेव्हा तिनेच काकूला सांगितलं होतं, "आपलं नाव सगळ्यात वर आहे, काकू. गॅस मिळणार बघ."

सभागृहातले दिवे मंद झाले तेव्हा मागच्या दाराने तिघी बायका आत आल्या. पुढे अंबूकाकू. एकादशी सोडली तर रंगाऱ्यांच्या घरी भट्टी थंड नसते. आज एकादशी नव्हती. तरी काकूच्या अंगावर ठेवणीतलं म्हैसूर सिल्क होतं, आणि हात लिंबाने घासघासून पांढुरके केलेले.

कावेरी बोलली. छान बोलली, लाजेला तालीम असली की आवाज कापत नाही. टाळ्या पडल्या. काकूनेही वाजवल्या.

मग काकू उठली. कन्नडमध्ये, अगदी अदबीने तिने विचारलं, "सर, रंगाऱ्यांच्या भट्ट्यांचं काय झालं? ह्यात दिसल्या नाहीत. आम्हाला गॅस मिळणार होता."

"कुणी सांगितलं, अम्मा?"

काकूने कावेरीकडे पाहिलं, घरात पाहते तसंच. कावेरीची नजर लॅपटॉपवर गेली. पुसलेली ओळ परत आणायला एक बोट पुरे होतं. ते बोट तिने दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं.

काकूची नजर क्षणभर त्या मुठीवर थांबली.

"कोणी नाही, सर. मोहल्ल्यात आपलं बोलतात लोक," ती म्हणाली. मग कावेरीकडे हात करून, "ह्या मॅडमना ठाऊक असलं तर बघा."

सर वळले. "कावेरी? काल होती ना ती ओळ?"

"तपासून सांगते, सर."

"होऊ दे, मॅडम. घाई नाही," असं म्हणून काकू खाली बसली.

तिच्या शेजारची मात्र अर्धी उठलीच. "अय्यो अंबूताई, ही तर आपली—"

काकूने पदर ओढून तिला बसवलं.

"बस गं," ती हळू आवाजात मराठीत म्हणाली. "चारचौघांत अशी ओळख काढू नये."