दहाव्याचा जिताडा

कावळे नव्हते असं कुणी म्हणू नये. दादर चौपाटीच्या भिंतीवर त्या सकाळी इतके कावळे बसले होते की भिंत दगडाची की पिसांची, हे हात लावून बघावं लागलं असतं. पण त्यातला एकही दौलत तोरसकरच्या पिंडाकडे मान वळवायला तयार नव्हता.

पिंडासमोर दौलतचा मुलगा राजेश उभा. डोकं तासलेलं, कमरेला ओलं धोतर, हात जोडलेले. बापाचा आज दहावा. कावळा शिवला की बाप सुटला. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय, तो कशात ते ओळखायचं आणि पोराने शब्द द्यायचा. एवढं सरळ काम. पण राजेश मघापासून शब्दावर शब्द देत सुटला होता.

"बाबा, आईला अंतर देणार नाही."

कावळे गप्प.

"बाबा, नायगावची चाळ पाडून टॉवर झाला तरी आपली जागा विकणार नाही."

एका कावळ्याने भिंतीवर चोच पुसली.

"बाबा, वर्षश्राद्धाला सगळ्या गाववाल्यांना कोंबडी-वडे घालीन!"

एक कावळा उडाला. कावळा तरंगत आला आणि थेट शेजारच्या लोकांच्या पिंडावर उतरला. तिथला म्हातारा म्हणे हयातीत खिडकीतल्या चिमणीलाही शीत न घालणारा. त्याच्या भातावर मात्र अशी झुंबड, जणू फुकटचा भंडारा!

मागे प्लास्टिकच्या स्टुलावर, छत्री धरून, राजेशची आई गंगुबाई बसली होती. साखरेचा आजार, गोळ्यांवर चालणारी बाई. आणि तिने पहाटेच जाहीर केलं होतं की कावळो शिवल्याबगर घोटभर पाणी घेणार नाही. आता तिचे ओठ सुकले होते आणि हातातली छत्री कलायला लागली होती. राजेश बापाकडे बघत होता, म्हणजे भाताच्या गोळ्याकडे, पण त्याचं सगळं लक्ष त्या कलत्या छत्रीकडे होतं. एक माणूस गेला, दुसरं डोळ्यांदेखत चाललंय, आणि मधे फक्त एक कावळा.

"राजेशराव, भरती चढतेय," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करू आणि त्याच्याकडून शिववू. शास्त्रात सोय आहे."

"गवताचो कावळो?" स्टुलावरून आवाज आला. "माझ्या घोवाक गवत घालतास? तो काय बैल होतो?"

"आई, अगं थोडं पाणी तरी..."

"बापाशीक सोडव आधी. माझा पाणी रवांदे."

तेव्हा रामदास पुढे झाला. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत जन्म काढलेला, दौलतचा जुना मित्र आणि धक्क्यावरचा जोडीदार. त्याच्या काखेत एक लांब पिशवी होती. गंगुबाईनेच ती आणायला लावली होती, नवऱ्याची वस्तू समुद्राला देऊन टाकायची म्हणून. पिशवीत दौलतचा आमिषाचा डबा आणि मासे पकडायचा रॉड होता. वेताच्या छडीइतका बारीक.

"राज्या, कशाला टॉवर आणि कोंबडी-वडे करतोयस? तुझ्या बापाचा जीव कशात होता ते चौपाटीवरच्या भेळवाल्याला पण ठाऊक आहे."

राजेशलाही ठाऊक होतं. म्हणून तर तो बाकी सगळं आधी बोलून घेत होता.

गिरणी गेली, मग वॉचमनची नोकरी गेली, आणि म्हातारपणी दौलतच्या हातात मोबाइल आला. त्यात त्याने गोरे लोक तळ्याकाठी बसून बास नावाचा मासा पकडताना पाहिले. कोळंबी नाही, बोंबील नाही, आमिष म्हणून नुसतं मऊ रबराचं गांडूळ, आणि चण्याएवढं शिशाचं डोकं असलेला गळ. आपला खाडीतला जिताडा या बासचा चुलतभाऊ, हे दौलतने स्वतःच ठरवून टाकलं. तेव्हापासून चाळीला चैन नव्हतं. तो पाण्याच्या पिंपात गांडूळ सोडून तासन्‌तास ते थरथरवत बसायचा. एकदा शेजारच्या मांजरीने ते तोंडात धरलं, तर गळाच्या त्या बारीक नायलॉन दोरीवर, तंगुसावर, त्याने तिला तीन जिने उतरवून, अंगणात फिरवून, केसालाही धक्का न लावता परत वर आणली. असं तो सांगायचा. मांजर वारली, त्यामुळे विचारायची सोय नाही.

आणि जिताडा? एकही नाही. धक्क्यावर जिवंत कोळंबी लावणारे हसायचे, त्यात रामदास सगळ्यात मोठ्याने. दौलत हसण्यावारी न्यायचा आणि दर रविवारी चपला घालता घालता मुलाला विचारायचा, "येतंस काय रे?"

"पुढच्या रविवारी, बाबा."

ऑफिसमधून दमून आलेल्या माणसाने आणखी काय म्हणायचं? पण असे पुढचे रविवार साठत गेले, आणि मग विचारणाराच संपला.

राजेशने डोळे मिटले. "बाबा, तुमचा जिताडा मी पकडीन. रबरी गांडुळावरच पकडीन."

भिंतीवरचा एक थोराड, मानेला राखाडी पट्टा असलेला कावळा टुणकन खाली आला. दोन उड्या मारून पिंडाच्या पानाशी पोचला. त्याने मान तिरकी केली. गुरुजींनी मंत्र गिळला. गंगुबाईची छत्री सरळ झाली.

"नक्की पकडीन, बाबा," राजेशने जोडलेले हात कपाळाला लावले. "पुढच्या रविवारी."

कावळ्याने त्याच्याकडे असं बघितलं, की राजेशने ती नजर ओळखली. चपला घालता घालता वळून बघणारी. आणि कावळा दोन उड्या मागे गेला.

"अरे गाढवा!" रामदास ओरडला.

राजेशने गळाला गांडूळ लावलेलाच तो रॉड हिसकावला आणि तो पळत सुटला.

चौपाटीच्या टोकाला शहराचा एक नाला समुद्राला मिळतो. चढत्या पाण्यात नाल्याच्या तोंडाशी जिताडा शिकारीला येतो, हे बाप जेवताना इतक्यांदा बोलला होता की राजेशला ते आमटीच्या चवीसारखं पाठ होतं. तो शेवाळलेल्या खडकांवर चढला. मागून गुरुजी सोवळं सावरत धावले.

"अहो राजेशराव! दहाव्याच्या दिवशी हिंसा? शास्त्रात..."

"पकडून सोडून देतो, गुरुजी!"

गुरुजी थबकले. पकडून सोडण्याबद्दल शास्त्र काय म्हणतं, ते त्यांना पटकन आठवेना.

पहिल्या फेकीत तंगूस राजेशच्याच मानेभोवती गुंडाळला. दुसऱ्या फेकीत गांडूळ पाण्यात पडलं, त्याने हिसका दिला आणि एक प्लास्टिकची पिशवी वर आली. तिसऱ्यांदा एक हार. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. लांब वाळूत पिंडाच्या पानापासून लाटा आता हातभर राहिल्या होत्या, आणि आई स्टुलावर नव्हती. ती वाळूत बसली होती, रामदासच्या खांद्याला टेकून.

"राज्या, वहिनींचे हात गार पडलेत!"

राजेशने पुन्हा फेकलं. आता ओढायलाही त्राण नव्हतं. काल रात्रीपासून पोटात अन्न नाही, अंगावर ओलं धोतर, वारा, आणि इतके दिवस न आलेलं रडणं नेमकं त्या खडकावर आलं. पिंपाशी उकिडवा बसलेला बाप त्याला दिसला. तंगुसाला बोट लावून बसलेला, स्वतःशीच बोलल्यासारखा पोराला ऐकवणारा. "वढूचा नाय. वढलंस की तेका कळता. नुसता थरथरवायचा, थंडीत कुडकुडणाऱ्या पोरासारखा. आणि वाट बघायची."

थरथरवायला राजेशला काही करावंच लागलं नाही. त्याचे हात आपले आपण कापत होते. हुंदका येई तो खांद्यातून मनगटात, मनगटातून त्या छडीत, छडीतून तंगुसात उतरे, आणि तळाशी नाल्याच्या गढूळ पाण्यात ते इवलंसं रबर असं लटपटे, की गांडुळाच्या आईनेही त्याला पोटाशी धरलं असतं.

टक.

कुणी दाराला नखाने वाजवावं, तेवढंच. टक. मग तंगूस हळूच बाजूला सरकला, आणि छडी वाकून तिचं टोक पाण्यात गेलं.

पुढचं ज्यांनी पाहिलं ते वेगवेगळं सांगतात. जिताडा पाण्याबाहेर उसळला तेव्हा वरळीच्या पुलावर गाड्यांनी ब्रेक मारले, असं रामदास सांगतो, पण तो दौलतचाच मित्र. चांदीच्या ताटासारखी कूस होती, हे मात्र गुरुजीही कबूल करतात. आणि राजेश? त्याच्या बोटाशी पहिल्यांदा काहीतरी जिवंत बोलत होतं. मासा पळाला की तो दोरी देई, थांबला की घेई. छातीएवढ्या लाटेने त्याचं धोतर नेलं, तरी त्याला कळलं नाही. आत चड्डी होती म्हणून कुळाची अब्रू राहिली.

"शिवला!" मागून आरोळी आली. "राज्या, शिवला रे शिवला!"

राखाडी मानेचा कावळा पिंडावर बसला होता. नुसता शिवला नाही, तर यथेच्छ जेवत होता, आणि मधूनमधून मान वर करून खडकाकडे बघत होता. रामदासने गंगुबाईच्या तोंडात साखरपाणी ओतलं. पहिला घोट घशाखाली जाताच तिला आवाज फुटला.

"झिला! सुटलो रे तुझो बापूस! ये हयसर!"

"थांब गे आई!"

"अरे कावळो शिवलो!"

"शिवू दे! ओरडू नका, मासा जाईल!"

गेलाच. ओरडण्यामुळे नव्हे, राजेशनेच घाई केली. मासा हातभर अंतरावर आला आणि त्याने ओढलं. जिताड्याने डोकं झाडलं, गळ सुटला, आणि तंगूस वाऱ्यावर तरंगत परत आला. रबरी गांडूळ अर्धं तुटलं होतं. राजेशच्या तोंडून असा आवाज निघाला, जो बापाला अग्नी देतानाही निघाला नव्हता.

गुरुजींनी पान समुद्राला दिलं, सामान आवरलं. रामदास पाण्यात उतरून खडकाशी आला. "चल रे. झालं काम. म्हातारा गेला सुखाने. तू पण हीव भरल्यासारखा कापतोयस."

राजेशने मान वळवली नाही. नाल्याच्या तोंडाशी जिथे पाणी गोल फिरत होतं, तिथे त्याचे डोळे रुतले होते. ओठ निळे, डोळे तांबडे.

"रामदासकाका, बाबांच्या डब्यात अजून गांडुळं आहेत?"

"आहेत की. पण आता पुढच्या रविवारी..."

"आत्ता द्या."

वाळूत गंगुबाईने छत्रीच्या सावलीतून ती पाठ पाहिली. बापासारखाच उकिडवा बसलेला, तसंच तंगुसाला बोट लावलेलं. मग ती भिंतीवर परत जाऊन चोच पुसत बसलेल्या त्या राखाडी मानेच्या कावळ्याकडे वळली.

"मेल्या, जेवलंस मां पोटभर?" ती म्हणाली. "सुटलंस तू. आणि ह्येका माझ्या गळ्यात बांधून गेलंस."