पाय नसतानाही लाल झालेलं पाणी

परतूरच्या धान्याच्या मोंढ्यामागच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढं प्लॅस्टिकचा टब, टबात मोकळेमहाराजांचं मशीन, आणि मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसलेला पुंजाराम हमाल. बघता बघता पाणी तांबडं झालं, वर फेस आला. बायका म्हणाल्या, "अगं बया!"

"हा बघा नसांतला कचरा!" महाराज गरजले. "डॉक्टर छातीत जाळी बसवतात. जाळीत कचरा अडकंल का निघंल? आम्ही तळपायातून काढतो. चीरफाड न्हाई, गोळी न्हाई!"

काय ती अक्कल! माणसाच्या नसा म्हणजे जणू नगरपालिकेची गटारं.

पुंजारामची बायको बेबीनंदा हात जोडून बसली होती. पोतं उचललं की नवऱ्याची छाती आवळायची, डावा हात भरून यायचा. थांबला की बरं. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाला रक्त देणारी नस अरुंद झालीय, गोळ्या सोडू नका, तपासणी करा. पहिल्या खेपेलाच महाराजांनी गोळ्या सोडायला लावल्या आणि महिनाभर पोत्याला हात लावू नको म्हणून बजावलं. महिनाभर दुखलं नाही. मग तिला आणखी पुरावा कशाला हवा होता?

तेवढ्यात पुंजारामची लेक दीपमाला उठली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"अण्णा, पाय काढा," ती बापाला म्हणाली. तिनं टबातलं तांबडं पाणी फेकलं, ताजं ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि बटण दाबलं. पाय कुणाचेच नव्हते, तरी पाणी तांबडं झालं.

"आत लोखंडाच्या पट्ट्या हायेत. मिठाच्या पाण्यात करंट सोडला की गंजतात. हा गंज हाये, नसांतलं काही न्हाई!"

"मांडवातले दोष वढून राह्यलं मशीन," महाराज पुटपुटले.

पण उखडला तो पुंजाराम. "मंग माझं दुखणं कसं गेलं?"

"तुम्ही बसून होते म्हणून! काम न्हाई तर हृदयाला रक्त कमी लागतं. नस अजून तशीच हाये."

"बापाला शिकवती व्हय!" म्हणत तो बाहेर गेला आणि सोयाबीनचं पोतं पाठीवर घेतलं.

"घेऊ नका वो!" बेबीनंदा ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! त्या वाजत असतानाच पुंजाराम घामानं निथळला आणि पोत्यासकट खाली आला.

दवाखान्यात पोचेस्तोवर तो गेला होता. त्या गोंधळात महाराज मशीन घेऊन पसार झाले.

तेरावा झाल्यावर शेजारची उषाबाई हळूच म्हणाली, "बेबे, महाराज पिंपळगावला आलेत म्हणं. आमच्या मालकाची छाती चालताना दुखती. येतीस का संगं?"

बेबीनंदाच्या अंगाची लाही लाही झाली. "बसलं की थांबती ना? यांचीबी थांबत व्हती. थांबली म्हंजी बरी झाली असं न्हाई, बाई! महाराजाला म्हणावं, पाय न घालता मशीन चालव. तरी पाणी लाल झालं तर तुझ्या मालकाच्या नसांतून काय निघालं, सांग मला."



बेबीनंदानं चप्पल घातली. "ऊठ. मालकाला उठव. रिक्षा मी बोलावते, डॉक्टरकडं चल."